एकच पद, तीन ठिकाणी ऐकलेले: रंगमंच, तबकडी आणि पडदा

वखारभाग

सर्व रसिकांना सप्रेम नमस्कार. गेल्या महिन्यात माळ्यावरची एक लाकडी पेटी खाली काढली. तिच्यात आजोबांच्या लाखेच्या तबकड्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा पेटी खालीच राहून गेली होती. पाणी ओसरल्यावर पाहिले, तर वेष्टने लगदा होऊन तबकड्यांना चिकटली होती आणि मधली गोल कागदी नावपट्टी बहुतेकांवरून सुटून गेली होती. लाख पाण्याने विरघळत नाही, त्यामुळे खाचा वाचल्या. पण कोणती तबकडी कोणाची, हे आता वाजवल्याशिवाय कळत नाही.

अशीच एक अनोळखी तबकडी चावीच्या यंत्रावर ठेवली आणि खरखरीतून ‘मानापमान’ नाटकातले ‘नाही मी बोलत नाथा’ वर आले. आवाज बालगंधर्वांचा, याविषयी शंका नव्हती. तीन मिनिटे आणि वर काही सेकंद, एवढ्यात पद संपले. याच पदासाठी आमचे आजोबा सांगली-मिरज रस्ता पायी तुडवत जात. रंगमंचावर ते किती वेळ चाले, याचे उत्तर ते नेहमी एकच देत: ‘प्रेक्षक बसू देतील तितका वेळ.’

त्याच आठवड्यात सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला २०२५ चा ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट घरच्यांबरोबर पाहिला. मूळ नाटक १९११ चे, लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांचा जन्म १८७२ मध्ये सांगलीत झाला, हे या गावात सांगावे लागू नये, पण आमच्या घरातल्या दोन पदवीधरांना ते ठाऊक नव्हते. नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि चित्रपटाचे संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे. दोहोंत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

हा धागा काढण्याचे कारण असे की, ‘जुने ते सोने’ आणि ‘नव्या पिढीला हेच आवडते’ हा वाद मी आयुष्यभर ऐकला आहे आणि त्याचा मला कंटाळा आला आहे. माझा प्रश्न निराळा आहे. एकच पद रंगमंचावरून तबकडीत गेले आणि तिथून पडद्यावर आले, तर त्याचे नेमके काय होते? कृपया पदाचे नाव घेऊन बोलावे. मोघम आठवणींसाठी वेगळे धागे पुष्कळ आहेत.

तिसरी_घंटा

वखारभागकाका, विषय उत्तम काढलात. मी वीस वर्षे हौशी संस्थांच्या नाटकांत पडद्यामागे असतो, त्यामुळे माझे म्हणणे विंगेतून दिसते तेवढेच आहे.

‘सौभद्रा’तले ‘प्रिये पहा’ घ्या. कृष्ण रुक्मिणीला सांगतो की, रात्र सरत आली, उषःकाल होतो आहे. किर्लोस्करांनी हे नाटक १८८२ मध्ये रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रयोग रात्रभर चालत. हे पद यायला खरोखरच पहाट व्हायची आणि नाट्यगृहाबाहेर कोंबडा आरवत असला, तर ती निव्वळ कल्पना नसे. आज आम्ही हेच नाटक तीन तासांत बसवतो आणि कृष्ण रात्री पावणेदहाला पहाट झाल्याचे सांगतो. पद तेच, चाल तीच, पण त्यातली वेळ निघून गेली. रंगमंचावरचे पदही ‘मूळ’ राहिलेले नाही, हे आपण आधी मान्य करावे, म्हणजे चित्रपटावर रागावताना आपला हात जरा आखडेल.

आता लांबीविषयी. विंगेत उभे राहून पाहिले की कळते: गायक नटाचे डोळे पहिल्या रांगेवर असतात. ‘नच सुंदरी करू कोपा’ चालू असताना एका प्रयोगात पुढच्या रांगेतल्या आजोबांनी हाताने ‘पुन्हा’ अशी खूण केली. आमच्या कृष्णाने ऑर्गनवाल्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नुसता डावा खांदा किंचित उचलला. ऑर्गनवाल्याने मुखडा पुन्हा धरला, तबलजीने ठेका सोडलाच नव्हता, आणि रुसलेली रुक्मिणी आणखी चार मिनिटे पाठमोरी उभी राहिली. नाटक थांबले नव्हते, तिचा रुसवा तेवढा लांबला. कृष्णाला आर्जव अधिक करावे लागले, म्हणून प्रसंग अधिक खरा झाला. वन्समोअर म्हणजे नाटकाच्या ओघात मोडता, असे म्हणणाऱ्या समीक्षकांनी एकदा विंगेत येऊन उभे राहावे.

ही चार मिनिटे तबकडीत येणे शक्य नव्हते. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. जे येते ते पदाचे सार, प्रसंग नव्हे.

कंदीपेढा

साताऱ्याहून लिहितो आहे, सांगलीकरांनी सांभाळून घ्यावे. शाहू कलामंदिरात मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर झोपून संगीत नाटके ‘पाहिली’ आहेत, त्यामुळे मला त्यांच्याविषयी आदर आहे. प्रेम मात्र २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटाने लावले. माझ्या मुलीने तो पाहिला, मग घरी ‘सूर निरागस हो’ चालू झाले, मग तिने आपणहून वसंतराव देशपांडे यांची जुनी ध्वनिमुद्रणे शोधली, आणि आता ती मला विचारते की, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे मूळ नाटक कुठे पाहायला मिळेल. चित्रपटाने पद बिघडवले असेल तर बिघडवले असो, पण दार त्यानेच उघडले.

शिवाय एक गोष्ट विसरली जाते. चित्रपटात खाँसाहेब या गर्विष्ठ गायकाच्या पात्रासाठी गायलेले राहुल देशपांडे आणि तरुण शिष्य सदाशिवसाठी गायलेले महेश काळे हे दोघेही या नाटकाच्या पुनरुज्जीवित प्रयोगांत रंगमंचावर याच भूमिका करत होते. म्हणजे पडद्यावरचा सूर रंगभूमीवर तापूनच आला होता. महेश काळे यांना ‘अरुणी किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते गाणे मूळ नाटकातले नाही, हे खरे, पण त्यामागे बसलेली तालीम नाट्यसंगीताचीच होती.

हरिपूरची_वाट

कंदीपेढासाहेब, तुमच्या मुलीचे मनापासून कौतुक आहे. तरीही माझा आक्षेप नोंदवते.

संगीत नाटकाचा कणा असा आहे की, जो बोलतो तोच गातो. पात्राला बोलून सांगता येईनासे झाले की ते गाऊ लागते, आणि बोलण्यातून गाण्यात जाताना आवाजाचा जो सांधा असतो, तिथेच खरी कला असते. नाटककार गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे, म्हणून त्यांचेच उदाहरण देते. १८९९ च्या ‘शारदे’त ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशें वयमान’ हे पद मुलींच्या थट्टेतून उगवते. बोलण्यातली टर आणि गाण्यातली टर यांत फट पडली की पद मेले. ‘मूर्तिमंत भीती उभी’ या पदाचेही तेच. शारदेचा गळा आधी संवादात दाटून आला पाहिजे, मग त्याच दाटलेल्या गळ्याने तिने सूर लावला पाहिजे.

‘कट्यार’ चित्रपटात खाँसाहेब बोलतात सचिन पिळगावकर आणि गातात राहुल देशपांडे. दोघेही आपापल्या जागी उत्तम आहेत. पण वसंतराव देशपांडे जेव्हा खाँसाहेबांचे वाक्य संपवून त्याच श्वासात तान घेत, तेव्हा ती तान त्या माणसाच्या गर्वातून आलेली असे. पडद्यावर गर्व एकाचा आणि तान दुसऱ्याची. मी चित्रपटगृहात प्रत्येक पदाच्या आधी तो सांधा ऐकत बसले आणि बाहेर आल्यावर मुलांनी मला ‘आई, तू सिनेमा पाहतेस की परीक्षा घेतेस?’ असे विचारले.

लंडनचा_सांगलीकर

हरिपूरताईंनी ज्या सांध्याबद्दल लिहिले आहे, त्यावरून इंग्रजी संगीतिकांचे रसिक साठ वर्षे भांडत आहेत, म्हणून थोडे विषयाच्या कडेकडेने जातो.

‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आली. ‘ती फुलराणी’मुळे तिची मूळ गोष्ट आपल्याला परकी नाही. रंगमंचावर फुलवाली झाली होती ज्यूली अँड्र्यूज आणि प्राध्यापक झाला होता रेक्स हॅरिसन. १९६४ च्या चित्रपटात हॅरिसन राहिला, पण अँड्र्यूजच्या जागी ऑड्री हेपबर्न आली, आणि तिच्या बहुतेक गाण्यांना मार्नी निक्सन या गायिकेचा आवाज दिला गेला. म्हणजे एकाच चित्रपटात ताईंचे दोन्ही नमुने आहेत. हॅरिसन गाणे अर्धे बोलत, अर्धे गात असे आणि दोन वेळा एकसारखे म्हणतच नसे. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणे त्याला मान्य नव्हते. शेवटी त्याच्या टायमध्ये छोटा बिनतारी मायक्रोफोन लपवून चित्रीकरण चालू असतानाच त्याचे गाणे टिपले गेले. चित्रपट पाहताना डोळे मिटले, तरी प्राध्यापक बोलता बोलता गाण्यात केव्हा शिरला ते कळत नाही. फुलवालीच्या बाबतीत मात्र ते लगेच कळते. सांध्यावर शिवण दिसते.

तिथे तिसरी गोष्टही आहे, ती म्हणजे मूळ नटसंचाची तबकडी. नाटक सुरू झाल्यावर लगेचच सगळ्या नटांना ध्वनिमुद्रणगृहात नेऊन पूर्ण वाद्यवृंदासह गाणी नोंदवायची, ही त्यांची रीत. त्यामुळे अँड्र्यूजची फुलवाली चित्रपटात नसली, तरी लाखो घरांत वाजत राहिली, आणि चित्रपट पाहायला आलेला माणूस ती तबकडी कानात घेऊनच येत असे. आपल्याकडे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांच्या काळात मुख्यतः सुटी पदे निघाली. म्हणून आपल्या कानात ‘मानापमान’ आहे तो तुकड्यातुकड्यांनी आहे: एक पद बालगंधर्वांचे, एक मास्टर दीनानाथांचे. पूर्ण भामिनी, म्हणजे नायिका, किंवा पूर्ण धैर्यधर, म्हणजे नायक, आपल्यापैकी कोणीच ऐकलेला नाही.

अलीकडे २०१२ च्या ‘ले मिझराब्ल’ या चित्रपटात तर सगळेच नट चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायले. कानात फक्त पियानो ऐकू येत होता आणि वाद्यवृंद नंतर चढवला गेला. गळे थोडे कच्चे वाटतात, पण लय नटाच्या हातात राहते. मराठीत कोणी असे धाडस केले, तर मी तिकीट काढून सांगलीला येईन.

तानपुरा_मिरज

तबकडीविषयी एवढे वाईट बोलू नये, म्हणून लिहितो. आमच्या मिरजेचे उदाहरण सगळ्यांना उलटे पडेल.

अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. ते नाटकातले नट नव्हते. तरीही त्यांनी ‘मानापमाना’तली ‘चंद्रिका ही जणू’ आणि ‘प्रेम सेवा शरण’ ही पदे तबकडीवर गायली, आणि ती आजही ऐकली जातात. त्यांत धैर्यधर नाही, भामिनी नाही, पडदा नाही, विंग नाही. शब्दसुद्धा पुष्कळदा सुरांत विरघळून जातात. नाटकाच्या दृष्टीने हे पद पूर्णपणे बेघर झालेले आहे. तरीही ‘प्रेम सेवा शरण’ म्हणताना त्या आवाजात जी शरणागती आहे, ती मी कोणत्याही धैर्यधरात पाहिलेली नाही. मला वाटते, तीन मिनिटांच्या बंधनाने त्यांना वाढवायला जागा दिली नाही, म्हणून प्रत्येक सूर नेमका लागला. ‘तबकडीत फक्त सार येते’ असे तिसरी घंटा म्हणतात. काही वेळा सारच हवे असते.

हरिपूरची_वाट

तानपुरासाहेब, हे उदाहरण मला खरोखरच उलटे पडले आहे. पण मग ते नाट्यपद राहिले का, की त्याची मैफलीतली चीज झाली, हा प्रश्न उरतोच. चीज म्हणून ते थोर आहे, याविषयी दुमत नाही.

वखारभाग

चर्चा माझ्या अपेक्षेहून चांगली चालली आहे. ताईंच्या ‘जो बोलतो तोच गातो’ या सूत्रात मी एक गाठ मारू इच्छितो.

आपल्या रंगभूमीवर भामिनीचे शब्द, भामिनीचे सूर आणि भामिनीचा शालू, हे सगळे एका पुरुषाच्या अंगावर होते, आणि प्रेक्षकांना त्यात काही विजोड वाटले नाही. शरीर आणि आवाज यांची गाठ आपण म्हणतो तितकी निसर्गाने बांधलेली नसते. प्रेक्षक आणि नट मिळून ती बांधतात. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्व एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत आले. दिग्दर्शक व्ही. शांताराम; हे शांताराम लहानपणी गंधर्व नाटक मंडळीतच होते, हा योगायोग मला फार आवडतो. इथे आवाजही त्यांचा आणि देहही पुरुषाचा, म्हणजे ताईंच्या सूत्राप्रमाणे सगळे जुळलेले. तरीही त्या जोडीचा तो एकच चित्रपट झाला. पुढे ‘साध्वी मीराबाई’मध्ये ते पुन्हा स्त्रीवेषात पडद्यावर आले, तेही आपल्याच ‘अमृतसिद्धी’ या नाटकाच्या आधारे. पण तोवर बोलपट स्थिरावला होता, पडद्यावर स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करत होत्या, आणि रंगमंचावर प्रेक्षकांनी बांधून दिलेली गाठ कॅमेऱ्याने बांधून दिली नाही. रंगमंच दूर असतो, दिवे पिवळे असतात, आणि डोळ्यांआधी कान विश्वास ठेवतात. कॅमेरा मात्र गालाजवळ जाऊन उभा राहतो.

२०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात अभिनय सुबोध भावे यांचा आणि गळा आनंद भाटे यांचा होता. भाटे यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे मला शिवण दिसली नाही. कदाचित तो चित्रपट नाटकाविषयी होता म्हणून असेल: पदे पात्राच्या मनातून येत नव्हती, प्रयोग म्हणूनच दाखवली जात होती.

कंदीपेढा

काकांचा मुद्दा मान्य. आणखी एक भर घालतो: १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे स्वतः हरिश्चंद्र झाले आणि स्वतःच गायले. म्हणजे मराठी बोलपटाची सुरुवातच संगीत नाटकाच्या नियमाने झाली. पार्श्वगायनाची सोय नंतर आली आणि नियम मोडला. पार्श्वगायन हा इंग्रजांकडून आलेला आजार नव्हे, तो आपल्याच सोयीचा आहे.

तिसरी_घंटा

आता ‘कट्यार’वर थोडे थांबू या, कारण आपण तिचे नाव घेतले, पण पद कोणीच उघडून पाहिले नाही.

१९६७ मध्ये हे नाटक आले, तेव्हा जितेंद्र अभिषेकी यांनी ‘घेई छंद मकरंद’ या एकाच शब्दरचनेला दोन चाली दिल्या. नाटकातल्या दोन प्रतिस्पर्धी गायकांपैकी एक पंडितजींची, एक खाँसाहेबांची. पंडितजींचा भुंगा कमळावर उतरतो, थबकतो आणि मगच मध घेतो. खाँसाहेबांचा भुंगा येतो तोच झडप घालून, पाकळी हलायच्या आत पुढच्या फुलावर. दोन घराणी, दोन स्वभाव, दोन अहंकार. आणि त्यासाठी लेखकाला एकही संवाद खर्चावा लागलेला नाही. सगळे नाटक या दोन चालींच्या मधल्या अंतरात घडते. प्रेक्षकाला राग कळो वा न कळो, त्याला भांडण कळते.

हे अंतर कुठे सर्वांत स्पष्ट ऐकू येते, याचा मी पुष्कळ विचार केला आणि माझे उत्तर मलाच नवे वाटले: ध्वनिमुद्रणात. रंगमंचावर दोन चालींच्या मध्ये प्रवेश असतात, टाळ्या असतात, मध्यंतराचा चहा असतो. पडद्यावर हवेली, झुंबर, दरबार आणि चेहरे असतात. कॅमेरा ऐन तानेत श्रोत्याच्या कौतुकाकडे वळतो आणि माझे लक्ष त्याच्याबरोबर जाते. घरी मात्र एकामागून एक दोन्ही चाली लावल्या की दुसरे काहीच उरत नाही. एवढ्यापुरते तानपुरासाहेब जिंकले.

पण ‘या भवनातील गीत पुराणे’ घरी ऐकून पाहा. चाल सुंदर, आवाज सुंदर, आणि तरीही काहीतरी कमी. ते पद उंबरठ्यावरचे, जुन्या सुरांना घालवून घरात शिरणाऱ्या खाँसाहेबांचे आहे. त्याला ताबा घेण्यासाठी एक घर लागते, आणि ते घर रंगमंचावर तीन भिंतींचे असले तरी चालते. चौथ्या भिंतीच्या जागी आपण बसलेले असतो आणि तो माणूस आपलाही ताबा घेतो.

लंडनचा_सांगलीकर

तिसरी घंटा, हा शेवटचा परिच्छेद मी इथल्या मित्राला भाषांतर करून सांगितला. त्याने विचारले की, या नाटकाची पूर्ण तबकडी कुठे मिळेल. मी म्हटले, पदे मिळतील, घर मिळणार नाही.

तानपुरा_मिरज

वखारभागकाका, पेटीतल्या किती तबकड्यांची ओळख पटली? नावपट्टी गेली असली, तरी पट्टीच्या भोवतीच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला क्रमांक असतो. तिरका उजेड पाडून, बोटाने नव्हे तर भिंगाने पाहा. काही जुन्या तबकड्यांच्या शेवटी गाणारा स्वतःच आपले नाव सांगतो, म्हणून शेवटपर्यंत वाजू द्या.

वखारभाग

सत्तेचाळीसपैकी एकतीस ओळखल्या. चार तडकल्या आहेत. उरलेल्यांपैकी एका तबकडीने दोन दिवस झोपू दिलेले नाही. ‘चंद्रिका ही जणू’ आहे, हे नक्की, पण पहिल्या अर्ध्या मिनिटावर पुराचा गाळ बसला आहे आणि आवाज जणू पलीकडच्या काठावरून येतो. पत्नीचे म्हणणे, अब्दुल करीम खाँसाहेब. माझे म्हणणे, कोणी नट असावा, कारण ‘चंद्रिका’ हा शब्द जरा जास्तच स्पष्ट ऐकू येतो. ताईंचे सूत्र वापरले, तर शब्द सोडत नाही तो नट.

हरिपूरची_वाट

काका, शब्द स्पष्ट आला म्हणून नट ठरवू नका. तो सुराच्या आधी येतो की सुरात येतो, ते ऐका.

तानपुरा_मिरज

गाळ कोरड्या फडक्याने पुसू नका, खाचा खरवडल्या जातील. लाखेच्या तबकडीला स्पिरिट तर अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते. साधे गार पाणी, मऊ ब्रश, आणि सावलीत उभी करून वाळवणे. रविवारी सकाळी इकडे घेऊन या, ताईंनाही बोलवा. सुया मी नव्या काढून ठेवतो. प्रत्येक बाजूला एक, जुनी पुन्हा लावायची नाही.